उजनीच्या पाण्यातलं एक बेट आणि नदी सुरयांची घरटी

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर भिगवण लागतं. तिथून डावीकडच्या कुठल्याही गावरस्त्याला वळलं की उजनीचा फुगवटा समोर येतो. धरणाची भिंत इथून बरीच लांब, सोलापूर जिल्ह्यात आहे. १९८० साली धरण पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी मागे सरकत दौंड, इंदापूर आणि पलीकडे करमाळ्याच्या शिवारांवर पसरलं. गावं उठली, वाडे बुडाले, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. उन्हाळा कडक असला की ते देऊळ आजही वर येतं आणि लोक बघायला जातात.

हे प्रकरण त्याच पाण्यातल्या एका बेटाचं आहे. बेटाचं नाव आणि ते कुठल्या गावासमोर आहे, हे मुद्दाम लिहीत नाही. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागा एकदा मोबाईलवर फिरली की रविवारी तिथे पुण्याहून किती कॅमेरे पोचतात, हे मी पाहिलेलं आहे.

बेट म्हटलं तरी ते बारमाही नाही. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला साडेत्रेसष्टच्या आसपास मृतसाठा आणि उरलेला साडेत्रेपन्न उपयुक्त. टक्केवारी उपयुक्त साठ्याची धरतात, म्हणून उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की 'उजनी उणे अमुक टक्के' अशा बातम्या येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठच्या जवळ गेलं होतं. या चढउतारावर बेटाचा जन्म अवलंबून आहे. दिवाळीत ते पूर्ण बुडालेलं असतं. माघात टेकाडाची पाठ दिसू लागते. चैत्रापर्यंत चहूबाजूंनी वाळू, मुरूम आणि भेगाळलेल्या गाळाचा काठ मोकळा होतो आणि वैशाखात कधी कधी गावाकडच्या बाजूने जमिनीची एक अरुंद पट्टी उघडी पडून बेट काठाला जोडलं जातं. ती पट्टी उघडी पडली की धोका सुरू होतो, कारण तिच्यावरून कुत्री चालत येतात.

भिगवणची ख्याती हिवाळ्याची. रोहित येतात, पट्टेरी राजहंस येतात, चित्रबलाक तर वर्षभर असतात. होळीनंतर पाहुणे पक्षी परततात, गर्दी ओसरते आणि मग इथल्याच पक्ष्यांचा विणीचा हंगाम भरात येतो. नदी सुरय, आर्ली, टिटवी, छोटे चिखले. यांना झाड लागत नाही, काडीकचराही लागत नाही. सुरय वाळूत छाती घासून बशीएवढा खळगा करते आणि दोन-तीन अंडी घालते. त्या बेटावर मी एक घरटं पाहिलं ते गाय चिखलातून चालत गेल्यावर उमटलेल्या, नंतर वाळून कडक झालेल्या खुराच्या ठशात होतं. आत मातकट रंगावर तपकिरी डाग असलेली तीन अंडी, आणि शेजारी कुणाच्या तरी बुडालेल्या घराच्या रांजणाचं खापर. अंडी आणि खापर यांचा रंग इतका एक की दुर्बिणीतून बघतानाही नजर दोनदा चुकत होती.

नदी सुरय हा काळ्या टोपीचा, पिवळ्याधमक चोचीचा, लांब दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. एकेकाळी भारतातल्या बहुतेक मोठ्या नद्यांवर सहज दिसायचा. आज तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे. कारणं नदीइतकीच जुनी आहेत: वाळूउपसा, धरणांमुळे अवेळी चढणारं पाणी, काठावरची माणसं, गुरं आणि कुत्री. वाळूउपशाबद्दल इंदापूर तालुक्यात वेगळं सांगायला नको. फायबर बोटी आणि वाळू खेचणाऱ्या सक्शन बोटी पकडून महसूल खात्याने जिलेटिनने उडवल्याच्या बातम्या इथे दर काही महिन्यांनी येतात.

या बेटावर मात्र वाळू उपसणारे नव्हते. इथे नुकसान होत होतं ते पक्षी बघायला आलेल्या हौशी, भल्या माणसांमुळे. होडी काठाला लागायची, मुलं उतरायची, कलिंगड कापलं जायचं, फोटो निघायचे आणि तासाभराने मंडळी परत. अंड्यांना कुणी हातही लावायचं नाही. तरी दुपारपर्यंत अंडी मेलेली असायची.

हे कसं होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचे सगळे नियम त्यावरच उभे राहिले. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो आणि उघड्या वाळूचं तापमान त्याहून कितीतरी जास्त असतं. अशा वेळी सुरय अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. नर-मादी आळीपाळीने पाण्यावर जातात, पोटाची पिसं भिजवून येतात आणि ती ओली पिसं अंड्यांवर टेकवतात. माणूस जवळ आला की पक्षी उठतो, डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहतो. लोकांना वाटतं, 'काय सुंदर उडतोय'. त्या वेळात खाली अंडी भाजत असतात. भर दुपारी थोडा वेळसुद्धा पुरतो.

गावातल्या एका वयस्क नावाड्याला, सगळे त्यांना नाना म्हणतात, हे सांगायला गेले तर त्यांना ते आधीच माहीत होतं. "ताई, अंड्याला कुणी हात लावत न्हाय. पर भर उन्हात पाखरू उठवलं की काम झालंच म्हणायचं." लहानपणापासून त्यांनी हे पाहिलेलं होतं. माहिती नाही म्हणून नुकसान होत होतं, असं नव्हतंच. खरी अडचण एका तरुण नावाड्याने सांगितली: "गिऱ्हाईक म्हणतं, बेटावर उतरव. म्या न्हाय उतरवलं तर शेजारचा उतरवतोय. पुढच्या रविवारी ते त्याच्याच होडीत बसणार. मग माझं डिझेल कुणी भरायचं?"

या एका वाक्यात सगळं प्रकरण आहे, असं मला वाटतं. पक्षी वाचवण्यासाठी लोकांना समजावून सांगावं लागतं, हा आपल्या शहरी मंडळींचा आवडता समज. इथे समज पुरेशी होती. जो माणूस बरोबर वागेल त्याचं पोट मारलं जाऊ नये, एवढीच सोय नव्हती.

कायद्याने बघावं तर बेटाला धनी अनेक, राखणदार कुणी नाही. जमीन जलसंपदा विभागाने संपादित केलेली. मासेमारीचे नियम वेगळे. पक्षी वन विभागाचे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि घरटी मोडणं, अंडी उचलणं हा गुन्हा आहे. पण उजनीचा हा भाग अभयारण्य नाही, त्यामुळे पाण्यावर गस्त घालायला कुणी नेमलेलं नाही. एक फलक लावला गेला होता. पावसाळ्यात पाणी चढलं आणि तो गेला.

गावाने मार्ग काढला तो वेगळ्याच निमित्ताने. २१ मे २०२४ रोजी कळाशी आणि कुगाव यांच्या मधल्या पाण्यात वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं होती. त्यानंतर या गावातल्या नावाड्यांनी देवळाच्या सभामंडपात बैठका घ्यायला सुरुवात केली. लाईफ जॅकेट, एका होडीत किती माणसं, वारं सुटलं की धंदा बंद, असे विषय. त्या बैठकांमध्ये 'नंबर' ठरले. म्हणजे घाटावर होड्या पाळीने लागणार, ज्याचा नंबर त्याचं गिऱ्हाईक, आणि भाडं सगळ्यांचं एक. दोन-दोन होड्या असलेल्यांनी कुरकुर केली. त्यांना दोन्ही होड्यांना नंबर दिला, पण सलग नाही. मग ते गप्प बसले.

बेटाचा नियम त्या नंबरावर चढवला. सुरयांनी पहिली अंडी घातली की बेटावर होडी लावणं बंद, ते पिल्लं उडेपर्यंत. एखाद्या पार्टीने हट्ट केला आणि नावाड्याने नकार दिला, तर त्या दिवशी दुसरी होडीही त्या पार्टीला घेणार नाही, आणि नकार देणाऱ्याचा नंबर जात नाही. पुढची पार्टी त्याचीच. दंडाची भाषा कुणी केली नाही. गिऱ्हाईक पळवायची वाटच बंद झाली, तेवढ्याने भागलं.

दुसरा नियम हद्दीचा. शंभर फूट लांब राहा म्हणणं सोपं, पण काठच रोज सरकतो तिथे खूण कुठे ठोकायची? बांबू रोवले तर आठवड्याने ते कोरड्यात उभे. नाना म्हणाले, कॅन टाका. मासेमारीच्या जाळ्याला इथे रिकामे प्लास्टिकचे कॅन बांधतात, दोरीला दगड लावून. दुसऱ्याच्या जाळ्यावरून होडी न्यायची नाही हा पाण्यावरचा जुना शिरस्ता. पंख्यात जाळं अडकलं तर जाळंही जातं, इंजिनही आणि वर भांडण. त्यामुळे कॅन दिसला की नावाड्याचा हात आपोआप सुकाणू वळवतो. बेटाभोवती कॅनची माळ सोडली, लाल फडकी बांधून. पाणी उतरेल तशी ती आत ओढायची. वेगळं काही शिकवायला लागलं नाही.

कुत्र्यांचा प्रश्न मात्र बायकांनी सोडवला, आणि तो मला या सगळ्यातला सर्वात मोलाचा भाग वाटतो. पक्षी बघायला आलेल्यांना गावात घराघरांतून माशाचं जेवण मिळतं. चिलापीचं कालवण, मरळ तळलेली, बाजरीची भाकरी. स्वच्छ केलेल्या माशांची घाण सगळी काठावर पडायची. त्यावर कुत्री आणि कावळे पोसले जायचे, आणि पट्टी उघडी पडली की तीच कुत्री बेटावर. एका बैठकीत जेवण करणाऱ्या एका मावशींनी सरळ हिशेब मांडला: कुत्री इथं कोण पाळतंय? आपणच. मग परसात खड्डे घेतले गेले, घाण त्यात, वर राख आणि माती. कुत्री संपली नाहीत, पण त्यांचा काठावरचा मुक्काम मोडला. रात्री बेटाकडून येणारी टिटव्यांची ओरड कमी झाली, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

उघड्या पडणाऱ्या पट्टीवर आधी चर खणला. पाणी आणखी उतरलं आणि चर कोरडा पडला. मग वेड्या बाभळीच्या फांद्या आणून आडवं काटवण घातलं. वेडी बाभूळ या भागात हवी तेवढी आहे आणि ती तोडल्याबद्दल कुणी रागावत नाही. काटवण चराहून चांगलं टिकलं.

सगळ्यात अवघड बोलणं झालं ते गाळपेरीचं. पाणी हटलेल्या गाळावर पेरणी करण्याची रीत इथे जुनी आहे. ओल असते, खत लागत नाही, चारा किंवा कडधान्य निघतं. बेटाच्या उताराला एक कुटुंब अशी पेर करत होतं. त्यांना 'घरट्यांसाठी जागा सोडा' म्हणताना जीभ अडखळते, कारण ते टेकाड म्हणजे धरणाआधीचं त्यांचंच वावर. घरातल्या आजोबांनी काठावरून हात करून दाखवलं, विहीर कुठे होती, आंब्याचं झाड कुठे होतं. ज्यांनी एकदा सगळं सोडलं त्यांच्याकडे पुन्हा सोडा म्हणून कुठल्या तोंडाने जायचं? मी गेले नाही आणि बाहेरच्या कुणी जायलाही नको होतं. नावाड्यांपैकी त्यांच्याच भावकीतला एक जण गेला. ठरलं ते असं: गाळाचा उतार त्यांचा, तिथे ते पेरतील. वाळू-मुरमाची वरची पाठ आणि पाण्याकडचा काठ पाखरांचा. सुरयांना गाळ नकोच असतो, त्यांना कोरडी वाळू हवी असते, म्हणून हे जमलं. आणि शेतावर ये-जा करणारं माणूस म्हणजे आयता राखणदार. सकाळ-संध्याकाळ बेटावर नजर ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं.

मासे धरणाऱ्यांमध्ये मात्र एकमत झालं नाही. वडाप पद्धतीने बारीक आसाची जाळी लावून माशांची पिल्लं मारणारे आहेत, ते बाहेरगावचेही आहेत, आणि बारीक मासा संपला की सुरयांच्या पिल्लांना भरवायला काही उरत नाही. त्यावर गाव एकटं काही करू शकत नाही. बोलणं झालं, निष्पन्न काही नाही.

पुण्यात कुणी विचारतं की वेळासला जमलं तसंच हे आहे का. थोडंफार. रत्नागिरीच्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन समुद्री कासवांची अंडी राखली आणि गावाने पर्यटकांना घरात उतरवून त्यावर मिळकत उभी केली. पण कासवी अंडी घालून निघून जाते. तिची अंडी काढून कुंपणातल्या वाळूत पुरता येतात. सुरयांची अंडी हलवता येत नाहीत, कारण नर-मादीने आळीपाळीने त्यांच्यावर बसायचंच असतं. म्हणून इथे जागा राखायची, आहे तिथेच, आहे त्या उन्हात. चंबळ नदीच्या वाळूपट्ट्यांवर पाणचिरा पक्ष्यांच्या आणि सुरयांच्या वसाहतींना गावातलेच पहारेकरी नेमले गेले, ते उदाहरण आमच्या बेटाला जास्त जवळचं आहे. पहाऱ्याला तिथे मोबदला असतो. इथे तो अजून नाही.

आणि मग २०२५ चा मे आला. मॉन्सून २६ मेला पुण्यात पोचला, पण त्याआधीच इंदापूर, बारामती, दौंड भागात पावसाने झोडपून काढलं. उजनीची पातळी मे महिन्यातच चढू लागली. एरवी या दिवसांत पाणी अजून उतरत असतं. काठालगतची घरटी पाण्यात गेली. काही पिल्लं अजून उडती झाली नव्हती. टेकाडाच्या पाठीवर जी होती ती वाचली. कॅन, नंबर, काटवण, यातलं काहीही तिथे उपयोगाचं नव्हतं. त्या आठवड्यात नावाडी घाटावर नुसते उभे राहून बघत होते आणि मलाही फोनवर काय बोलावं ते सुचलं नाही. एवढं मात्र कळलं की घरटी वरच्या पाठीवर जास्त व्हावीत यासाठी हंगामाच्या सुरुवातीलाच तिथलं गवत आणि काटेरी झुडूप काढून वाळू मोकळी करायला हवी. सुरय मोकळी जागा शोधते. वर मिळाली नाही की खाली काठाशी येते.

यात पुण्याचं देणं किती, हे मला सारखं खुपतं. मुठा शहरातून वाहते, संगमावर मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा शिरूर-दौंडच्या हद्दीवर भीमेत जाते आणि ते सगळं उजनीत येतं. आपलं सांडपाणीही. अकरा नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं बांधायचा प्रकल्प जपानच्या जायका या मदतसंस्थेच्या कर्जातून २०१६ मध्ये मंजूर झाला आणि वर्षानुवर्षं रेंगाळला. तोवर उजनीत हिरवं पाणी, जलपर्णी आणि कशाही पाण्यात तगणारी चिलापी. गावातले लोक याबद्दल आपल्याला बोल लावत नाहीत, रविवारी होडीत बसवून पक्षी दाखवतात. निदान होडीत बसल्यावर तरी 'जरा थवा उडवा ना, फोटो हवाय' असं कुणी म्हणू नये. ड्रोन तर घरीच राहू द्या. सुरयांना तो घारीसारखा वाटतो आणि सगळी वसाहत एकदम उठते.

आता पुढचं. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते; पुण्याच्याच पर्यावरणतज्ज्ञ डॉ. माधव गाडगीळांनी या कल्पनेसाठी किती वर्षं घातली ते सर्वांना ठाऊक आहे. बेटाचा नियम त्या नोंदवहीत उतरवायचा आणि ग्रामसभेपुढे ठेवायचा विचार आहे. नानांना मात्र कागदाची घाई नाही. नियम लिहिला की तो बदलायला पुन्हा ग्रामसभा लागेल, आणि पाणी काही ग्रामसभेला विचारून उतरत नाही, असं ते म्हणतात. मला वाटतं, लिहावा. पण तारखा न घालता. 'पहिलं अंडं ते शेवटचं उड्डाण' एवढंच.

त्याहून तातडीची मागणी आवर्तनाबद्दलची, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या पाळीबद्दलची आहे. उन्हाळ्यात सोलापूरकडे पाणी सोडलं की पातळी भराभर उतरते आणि पट्टी उघडी पडते. आवर्तन कधी सोडायचं हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. पाणी अडवून धरा असं या गावाचं म्हणणं नाही. खालच्या शेतकऱ्याचा हक्क त्यांना मान्य आहे. तारीख ठरली की घाटावर एक निरोप मिळावा, एवढंच मागणं आहे, म्हणजे पट्टी उघडी पडायच्या आत काटवण घालता येईल. तसा अर्ज नावाड्यांनी सह्या करून दिला आहे. उत्तर आलेलं नाही. तोवर फांद्या आधीच तोडून काठावर रचून ठेवायच्या आणि रात्रीच्या पहाऱ्यासाठी प्रत्येक फेरीमागे थोडे पैसे बाजूला काढायचे, असं या खेपेच्या बैठकीत ठरलं. पैसे कुणाकडे ठेवायचे यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी ते त्या जेवण करणाऱ्या मावशींकडे ठेवायचं ठरलं.